बाळाची पहिली शी

पुण्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्जाच्या कागदांबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी तोंडाला पदर लावतील. लावा, पण रेडिओ बंद करू नका. आज आपण शीबद्दल बोलणार आहोत. तान्ह्या बाळाच्या पहिल्या शीबद्दल.

घरात बाळ जन्मलं की आपण काय काय बघतो? नाक कुणावर गेलंय, रंग कुणाचा घेतलाय, जावळ किती आहे. हातापायाची बोटं मोजतो. मुलगा की मुलगी ते तर सगळ्यात आधी. एवढं झालं की दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर. पण बाळाचे पाय वर करून शीची जागा नीट आहे का, हे बघणारी बाई शंभरात एक सापडणार नाही. आम्हीही कधी बघितली नव्हती. चार वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एका ताईंच्या घरी जे झालं, त्यानंतर बघायला लागलो.

ताई पुण्यात वस्तीत राहतात, घरकाम करतात. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, डोंगराकडच्या गावात. बाळंतपण तिथल्याच एका छोट्या दवाखान्यात झालं. मुलगा, वजन पावणेतीन किलो, रडला छान. सगळ्यांना आनंद. आमच्या व्हॉट्सअॅपवर पेढ्याचा फोटोसुद्धा आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक चालू होती आणि ताईंचा फोन वाजला. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "बाळ दूध ओढत नाही, पोट टम्म झालंय. घुटी दिली, मध चाटवला, तरी शी नाही." ताई म्हणाल्या, "शू झाली का?" शू झाली होती. आमच्यातली एक जण पूर्वी दवाखान्यात आयाचं काम करायची. तिने फोन हातात घेतला आणि एकच सांगितलं, "लंगोट सोडा, पाय वर करा आणि बघा. बॅटरी लावून बघा."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग विहीणबाई म्हणाल्या, "इथं नुसती खळी आहे हो."

भोकच नव्हतं. गुदद्वार असतं त्या जागी कातडी बंद, मधोमध एक खळगा. जन्माला चोवीस तासांहून जास्त वेळ झाला होता. बाळाला चार-पाच जणांनी उचललं होतं, पुसलं होतं, वजन केलं होतं, काजळाची तीट लावली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. दवाखान्याला आम्ही नावं ठेवणार नाही, कारण आमच्या माणसांच्याही लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात बाळाला उलटी झाली, हिरवी.

मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट आज लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाची पांढरी, दुधाची गुळणी वेगळी. हिरवी उलटी म्हणजे पित्त. खालची वाट अडली की ते वर येतं. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, निघायचं.

आता हे काय असतं ते सांगतो. डॉक्टरांकडून आणि नंतर वाचून जेवढं समजलं तेवढंच, आमच्या भाषेत.

पोटात गर्भ वाढत असतो तेव्हा सुरुवातीला शी, शू आणि जनन या तिन्हींची खालची वाट एकच असते. एका पिशवीसारखी. चौथ्या ते आठव्या आठवड्यात मध्ये पडदा येऊन त्या वाटा वेगळ्या होतात आणि शीच्या वाटेचं तोंड बाहेर उघडतं. हे काम कुठेतरी अर्धवट राहिलं की बाळ असं जन्मतं. आतडं आत येऊन बंद होतं, किंवा भलत्याच ठिकाणी उघडतं. साधारण पाच हजार बाळांमागे एका बाळात हे दिसतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये थोडं जास्त. तुमच्या तालुक्यात वर्षाला पाच हजार बाळं जन्मत असतील, तर तिथे दर वर्षी एखाद्या घरात हे घडतं. ते आपल्या कानावर येत नाही, कारण सांगायची लाज वाटते, आणि काही बाळं निदान व्हायच्या आधीच जातात.

सगळ्या बाळांचं सारखं नसतं. काहींचं आतडं खाली कातडीच्या अगदी जवळ येऊन थांबलेलं असतं. अशांना बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये वाट करता येते. काहींचं वरच थांबतं. मुलग्यांमध्ये बऱ्याचदा आतड्याची एक बारीक नळी लघवीच्या वाटेला जोडलेली असते, मग शूमध्ये हिरवट काळं दिसतं. लंगोटावर तसा डाग दिसला तर तो धुऊन टाकू नका, तसाच डॉक्टरांना दाखवा. मुलींमध्ये शीची वाट पुष्कळदा योनीच्या तोंडाजवळ उघडते. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण मुलींच्या बाबतीत वेगळीच गडबड होते. आणखी एक प्रकार डॉक्टर सांगतात, त्यात मोठ्या आतड्याचीच एक फुगलेली पिशवी झालेली असते. तो फार दुर्मीळ. जगात जेवढे असे रुग्ण सापडले त्यातले बहुतेक आपल्या देशातले, तेही जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांतले.

परत बाळाकडे येऊ. रात्री १०८ ची गाडी बोलावली. ताई इथून ससूनला गेल्या आणि गाडीची वाट बघत बाहेर बसल्या. पहाटे गाडी आली. बाळाच्या नाकातून पोटात नळी घातली, सलाईन लावलं, ऊब दिली. मग एक्स-रे. ताईंनी नंतर सांगितलं की त्या वेळी त्यांचा जीव गेला होता, कारण बाळाला पालथं घालून, ढुंगण वर करून फोटो काढला. "काय करतायत हो पोराला?" असं त्या रडत विचारत होत्या. कारण साधं आहे. हवा वर जाते. बाळाने गिळलेली हवा आतड्याच्या बंद टोकापर्यंत पोचते. खळीच्या जागी धातूचा तुकडा चिकटवलेला असतो. फोटोत हवा आणि धातू यांच्यात अंतर किती आहे ते दिसतं आणि आतडं किती वर थांबलंय ते कळतं. ही हवा खाली पोचायला जन्मानंतर अठरा-चोवीस तास लागतात. म्हणून काही बाळांच्या बाबतीत डॉक्टर लगेच फोटो काढत नाहीत, थांबतात. नातेवाईकांना वाटतं की लक्षच देत नाहीत. तसं नसतं, पण हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही, ही आमची तक्रार आहेच.

फोटोबरोबर हृदयाची आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली, पाठीचा कणा बघितला. कारण ज्या आठवड्यांत ही जागा घडते त्याच आठवड्यांत बाकीचे अवयवही घडत असतात. म्हणून अशा बाळांमध्ये हृदय, मूत्रपिंड, मणके, अन्ननलिका यांतही कधी कधी दोष निघतो. ताईंच्या नातवाला एकच मूत्रपिंड निघालं. एकावर माणूस नीट जगतो, पण ते माहीत असणं बरं.

बाळाचं आतडं वरच थांबलेलं होतं. पहिल्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला शीची वाट काढून दिली. त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. आतड्याचं तोंड पोटावर आणून शिवायचं, तिथून शी बाहेर येते. लाल, ओलं, जास्वंदीच्या कळीसारखं दिसतं. सुनेने ते पहिल्यांदा बघितलं आणि तिला भोवळ आली. त्याला हात लावला तर बाळाला दुखत नाही, हे तिला आठ दिवसांनी पटलं.

आता आमच्या गटाचा भाग आला. दवाखान्यातला खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून या नावाने चालते, आणि आता वर्षाला एका कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. लहान मुलांची ही ऑपरेशनं तिच्या यादीत आहेत. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे आधी जायचं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. बाळाचं नाव अजून कार्डावर नसतं म्हणून परत फिरू नका. जन्माचा दाखला घ्या आणि आरोग्यमित्राला विचारा. चौकशीचा फुकट फोन नंबर १५५३८८ आहे. तो गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, आम्ही ठेवलाय.

पण औषधपाणी फुकट मिळालं म्हणून खर्च संपत नाही. ताईंच्या मुलाची रोजंदारी बुडाली, सुनेच्या आईची शेतावरची मजुरी बुडाली, जाणं-येणं, खाणं, रात्रीची रिक्षा. ताईंनी गटाकडे बारा हजार मागितले. बैठकीत वाद झाला, खरं सांगतो. एक जण म्हणाली, कर्ज धंद्यासाठी द्यायचं असं आपण ठरवलंय, हा पैसा परत कसा येणार? ती चुकीचं बोलत नव्हती. आमच्या गटात तेव्हा दोन कर्जं थकलेली होती. दुसरी म्हणाली, मग म्हैस मेली तर देतो ना? अर्धा तास भांडण. शेवटी बारा हजार द्यायचं ठरलं. पहिले सहा महिने फक्त मुद्दल, व्याज नाही, आणि हे ठरावात लिहायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणावर वेळ आली तर तिलाही हाच नियम. ताईंनी चौदा महिन्यांत फेडले. वाद घालणारी बाईच पुढे दर शनिवारी सुनेकडे जुन्या सुती साड्यांचे तुकडे घेऊन जायची.

ते तुकडे कशाला, तर पोटावरच्या वाटेला. बाजारात चिकटणाऱ्या पिशव्या मिळतात, पण महाग. तान्ह्या बाळाच्या हालचालीत त्या सुटतातही. आमच्या सुनेला नर्सताईंनी शिकवलं की तान्ह्याला पिशवी लागतेच असं नाही. मऊ सुती फडकं घडी करून वर ठेवायचं, पट्टीने बांधायचं, ओलं झालं की बदलायचं. कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं आणि आजूबाजूच्या कातडीला डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं. कातडी सोलली की बाळ रात्रंदिवस रडतं. तोंड काळं-निळं पडलं, फार बाहेर आलं, किंवा शी येणं बंद होऊन पोट फुगलं तर लगेच दवाखाना. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. अशा बाळाला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही.

या सगळ्यात सुनेला काय काय ऐकावं लागलं! "सातव्या महिन्यात ग्रहण होतं. तेव्हा विळी घेतली होतीस ना हातात?" हे माहेरच्या शेजारणीने विचारलं, घरच्यांनी नाही, पण घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं. सून गप्प. तिने खरंच त्या दिवशी भाजी चिरली होती. वर्षभर ती स्वतःलाच दोष देत राहिली. शेवटी आम्ही तिला दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर बसवलं. त्यांनी तिला एक साधी गोष्ट सांगितली. ही जागा दुसऱ्या महिन्यातच घडून पुरी होते. कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या विळीने दुसऱ्या महिन्यातलं काम कसं बिघडेल? सून म्हणाली, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?" आणि रडली. आम्ही पण रडलो.

खरं कारण बहुतेक बाळांमध्ये सापडत नाही. आईला आधीपासून मधुमेह असला तर जन्मजात दोषांची शक्यता काहीशी वाढते, म्हणून साखर तपासून घ्यावी. पण कुणी पाप केलं, नवस चुकला, नजर लागली, पपई खाल्ली, असलं काही नसतं. पुढच्या बाळाला हे होण्याची शक्यता बहुतेक घरांत फार कमी, साधारण शंभरात एक. "सोनोग्राफी केली होती, मग दिसलं कसं नाही?" असं जावई विचारत होते. हा दोष पोटातल्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही. तो जन्मल्यावर डोळ्यांनीच बघावा लागतो.

दुसरं ऑपरेशन बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर झालं. त्याचा एक इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. पूर्वी सर्जनला आत नीट न दिसता अंदाजाने आतडं खाली ओढावं लागे. शी धरून ठेवणारे स्नायू कुठे आहेत ते दिसत नसे. १९८० साली मेक्सिकोत आल्बेर्तो पेन्या नावाच्या डॉक्टरांनी बाळाला पालथं झोपवून मागून, बरोबर मध्यरेषेवर उघडायची पद्धत काढली. विजेचा हलका झटका दिला की स्नायू आकसतो, मग त्याच्या बरोबर मधोमध नवी वाट बसवायची. दोन वर्षांनी त्यांनी ती छापून सगळ्यांना सांगितली आणि जगभर तशीच ऑपरेशनं होऊ लागली. आपल्याकडेही तसंच करतात.

त्यानंतर जे येतं ते डॉक्टरचं काम नाही, आईचं आहे, आणि आम्हाला सगळ्यात अवघड तेच वाटलं. नवी वाट आकसून बंद होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांपासून तिथे गुळगुळीत कांडी घालून ती रुंद ठेवावी लागते. दिवसातून दोनदा. हळूहळू कांडीचा आकार वाढवायचा. काही महिने. बाळ किंचाळतं. शेजारपाजारचे म्हणतात, पोराचे हाल करतेय. नवरा घराबाहेर निघून जातो. सून एकदा ताईंना म्हणाली, "आई, आज नको, एक दिवस नको." एक दिवस सोडला, मग दोन. आठवड्याने वाट आवळली, परत दवाखाना. त्यानंतर आम्ही पाळी लावली. कांडी सूनच घालायची, पण दुसरी कुणीतरी शेजारी बसून बाळाचे पाय धरायची, गाणं म्हणायची, खुळखुळा वाजवायची. एकटीने हे करणं म्हणजे शिक्षा. तुमच्या गावात अशी आई असेल तर तिला पेढे-नारळ नेण्यापेक्षा ही सोबत द्या.

तिसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटावरची वाट बंद केली. आतडं खालून चालू झालं आणि पहिली शी झाली तेव्हा ताईंनी खरोखर साखर वाटली.

आता मुलींचं. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या एका घरात मुलगी नऊ महिन्यांची होईपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं. शी होत होती, पण पुढच्या बाजूने, शूच्या जागेजवळच्या बारीक भोकातून. दूध पीत होती तोवर पातळ शी निघून जायची. भात-वरण सुरू झालं आणि पोरगी कुंथायला लागली, पोट दगडासारखं. आजीला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. तिने सुनेला सांगितलं, "कुणाला बोलू नकोस, पोरीची जात आहे, उद्या लग्नाला अडेल." नऊ महिने झाकून ठेवलं. मैत्रिणींनो, असं झाकल्याने आतडं फुगत जातं, लघवीच्या वाटेला जंतू लागतात. ऑपरेशन वेळेवर झालं तर अशा मुली पुढे चांगल्या होतात, शी धरता येते. काहींना पुढेही संसार, मुलंबाळं होतात, फक्त बाळंतपण कसं करायचं ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. आजीवर आम्हाला राग नाही आला. तिला जे भय होतं ते आपणच सगळ्यांनी मिळून घातलेलं आहे.

आणखी एक आजार, याचाच शेजारी. यात भोक असतं, सगळं वरून नीट दिसतं, तरी शी होत नाही. गर्भात आतड्याच्या नसांच्या पेशी वरून खाली प्रवास करत येतात. त्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत तर खालचा भाग आकसूनच राहतो, शी पुढे ढकलत नाही. याचं नाव हिर्शस्प्रुंग आजार. डेन्मार्कच्या त्या डॉक्टरांनी १८८६ साली बर्लिनच्या सभेत अशा दोन बाळांची हकिगत सांगितली होती. हाही पाच हजारात एक, आणि मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त.

इथे आपली एक जुनी सवय आड येते. बाळाला शी झाली नाही की आपण विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावतो. फस्सकन हवा आणि शी बाहेर येते. सगळे खूश. चार दिवसांनी परत पोट फुगतं, परत देठ. हे असं वारंवार करावं लागणं हेच तर लक्षण आहे! काही बाळं देठावरच वर्ष काढतात, वजन वाढत नाही, हातपाय काड्या आणि पोट माठासारखं. एक दिवस ताप येतो, घाण वासाची पातळ शी धडाधड होते, पोट ताणतं. त्याला जुलाब समजून घरी बसू नका. आतड्याला आलेली ती सूज जीवघेणी असते. देठाने आतून जखमही होते, म्हणून देठ, साबणाची वडी, काही लावू नका. तपासासाठी डॉक्टर आतड्याचा बारीक तुकडा काढून त्यात नसांच्या पेशी आहेत का ते बघतात, आणि नसतील तर तेवढा भाग काढून चांगलं आतडं खाली जोडतात.

घाबरवायला सांगत नाही. अंगावर पिणारं बाळ महिन्या-दीड महिन्याचं झाल्यावर दोन-चार दिवस शी करत नाही, मऊ करतं, खेळतं, वजन वाढतं, तर ते ठीक असतं. आपण बोलतोय ते पहिल्या शीबद्दल. काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट. पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ ती बहुधा चोवीस तासांत करतं. अठ्ठेचाळीस तासांतही झाली नाही तर बाळ लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. आणि तोवर मध नाही, घुटी नाही, एरंडेल नाही. पोट फुगलेलं असताना वरून काही घातलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती.

आणि कुणीही, सुईण असो की गावचा जाणता, खळीच्या जागी ब्लेड लावू देऊ नका. आतडं तिथे असतंच असं नाही, आणि जे स्नायू पुढे बाळाची शी धरून ठेवणार तेच कापले जातात.

आशाताईंसाठी एक विनंती. तुमच्यातल्या बऱ्याच जणी या वेळी ऐकत असतात. बाळंतिणीच्या घरी तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही रीत आपल्या गडचिरोलीतून देशभर गेली. तिथे डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप बघता, वजन करता, तसं लंगोट सोडून बघा आणि "पहिली शी कधी झाली?" हे विचारा. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याच्या छापील यादीत नऊ जन्मजात दोष आहेत, त्यात हा नाही. पण तपासणी डोक्यापासून पायापर्यंत करायची असते, तेव्हा यादीत नाव नाही म्हणून कुणी हात झटकले तर ऐकू नका. आजारी नवजात बाळाला न्यायला १०२ आणि १०८ दोन्ही गाड्या फुकट आहेत. वाटेत बाळाला उघडं ठेवू नका, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून न्या.

ताईंचा नातू आता अंगणवाडीत जातो. शी धरता येते का, असं तुम्ही विचाराल. पूर्ण नाही. ज्यांचं आतडं वर थांबलेलं असतं त्यांना ते अवघड जातं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रोज सकाळी सून त्याला एनिमा देते, वीस मिनिटं बसवते, गोष्ट सांगते. मग दिवसभर चड्डी कोरडी. पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत दोनदा घाण झाली होती, तेव्हा एक-दोन आया नाक मुरडून बोलल्या. सुनेने दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून सगळं सांगितलं, पोटावरची खूणसुद्धा दाखवली. आता त्यातलीच एक आई तिच्याकडे जादा चड्डी ठेवून घेते.

पुढच्या मंगळवारी आपण रेशनकार्डावर बाळाचं नाव कसं चढवायचं ते बघू. ज्यांच्या घरी नवं बाळ आहे त्यांनी जन्मदाखला हाताशी ठेवून बसा. नमस्कार.